महर कबूल, पण पुरावा?

निकाहाच्या मजलिशीत आपण सगळेच कधी ना कधी बसलेलो असतो. वकील आणि दोन गवाह नवरीची इजाजत घेऊन येतात, काझीसाहेब रजिस्टर उघडतात, खुतबा होतो, नवरदेव ‘कबूल है’ म्हणतो, दुआ होते आणि खजूर वाटले जातात. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न अर्ध्या मिनिटात उरकला जातो, ‘महर किती लिहू?’ मुलाकडचे मुलीकडच्यांकडे बघतात, मुलीकडचे मुलाकडच्यांकडे. कुणीतरी वडीलधारे म्हणतात, ‘लिहा हो, चालतं ते.’ मग कुठे ७८६ रुपये लिहिले जातात, कुठे नुसते ‘शरई महर’ असे दोन शब्द, आणि कुठे तो रकाना कोराच राहतो. आपण हात पुसत जेवणाच्या पंगतीकडे वळतो.

पुढे काही वर्षांनी याच निकाहातली एखादी बहीण माहेरी परत येते, किंवा विधवा होते. नवरा म्हणतो, महर तर मी केव्हाच दिला. दीर म्हणतात, महर एवढा नव्हताच. क्वचित असेही घडते की नवरा निकाहच नाकारतो. अशा वेळी त्या बहिणीच्या हातात काय असते? ज्या मजलिशीत शंभर माणसे होती, त्यांतली किती साक्षीला उभी राहतात?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या काझींसमोरही रोज येत होता. त्या काळच्या फुकहांनी, म्हणजे कायदेपंडितांनी, त्यावर किती बारकाईने विचार केला होता हे आपण विसरून गेलो आहोत. शरियतचे नाव आपण उठताबसता घेतो. पण शरियतच्या अदालतीत निकाह आणि महर कसे शाबीत होत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? या लेखात तोच इतिहास थोडक्यात मांडायचा आहे.

महर म्हणजे कर्ज

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करू. आपल्या भोवतालच्या समाजात लग्न म्हटले की हुंडा आठवतो, आणि खेदाची गोष्ट म्हणजे तो आपल्या घरांतही शिरला आहे. हुंडा मुलीच्या बापाकडून घेतात. महर नवऱ्याने खुद्द मुलीला द्यायचा असतो. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानेही महर हुंड्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळला आहे.

कुरआनच्या सूरह निसामध्ये (४:४) स्त्रियांना त्यांचा महर खुशीने देऊन टाकण्याचा हुकूम आहे. त्याच सूरहमध्ये (४:२०) असेही बजावले आहे की पत्नीला ढीगभर संपत्ती दिलेली असली तरी तिला सोडताना त्यातले काही परत घेऊ नये. सूरह बकरामध्ये (२:२३७) म्हटले आहे की महर ठरला आणि सहवासाआधीच तलाक झाला तर निम्मा महर द्यावा. सहवास झाला किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर ठरलेला महर पूर्ण देय होतो, यावर हनफी आणि शाफई दोन्ही मजहब एकमत आहेत.

यातून एक गोष्ट निघते. महर ही मेहेरबानी नाही, दक्षिणा नाही, भेटही नाही. तो दैन आहे, म्हणजे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज. नवरा वारला तर त्याच्या मालमत्तेतून आधी कफनदफन, मग कर्जे, मग वसीयत, आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. विधवेचा महर कर्जांच्या रांगेत उभा असतो, वारसांच्या रांगेत नव्हे. महर कर्ज ठरला म्हणून त्याचा दावा अदालतीत करता येतो. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

बरवा बिन्त वाशिकचा फैसला

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. कूफा शहरात हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्याकडे एक मसला आला. एका माणसाने निकाह केला, महर ठरवला नाही, आणि पत्नीशी सहवास होण्याआधीच तो वारला. त्या बाईला काय मिळणार? महर ठरलेलाच नाही, मग मागायचे काय?

इब्ने मसऊद (र.) यांनी विचार करून उत्तर दिले की तिच्या घराण्यातल्या स्त्रियांना जेवढा महर मिळतो तेवढा तिला मिळावा, कमी नाही आणि जास्तही नाही, तिने इद्दत पाळावी आणि वारसाहक्कही तिला मिळावा. हे माझे मत आहे, चूक असेल तर ती माझी, अशी कबुलीही त्यांनी दिली. तेव्हा अशजा कबिल्यातले माकिल बिन सिनान (र.) उभे राहिले आणि त्यांनी साक्ष दिली की आमच्या कबिल्यातल्या बरवा बिन्त वाशिक हिच्या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हाच फैसला दिला होता. ते ऐकून इब्ने मसऊद (र.) यांना फार आनंद झाला.

या प्रसंगातून ‘महर-ए-मिस्ल’चा नियम पक्का झाला. मिस्ल म्हणजे सारखा. मुलीच्या बहिणी, आत्या, चुलत बहिणी अशा बापाकडच्या स्त्रियांचा महर पाहायचा. वय, रूप, अक्कल, संपत्ती, गाव आणि काळ यांची तुलना करायची आणि त्यावरून रक्कम ठरवायची. म्हणजे ‘महर लिहिलाच नव्हता’ ही पळवाट शरियतने पहिल्याच पिढीत बंद केली. आणि ती कशी बंद झाली? एका साक्षीने, एका बाईचे नाव घेऊन. एरवी जिची आठवण कुणी ठेवली नसती अशा एका विधवेचे नाव कायद्याच्या ग्रंथांत कायमचे राहिले.

काझीसमोर

आता काझीच्या अदालतीत जाऊ. तिथला मूळ नियम साधा होता. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा. पुरावा नसेल तर नाकारणाऱ्याने शपथ घ्यायची. नाकारणारा शपथेला मागे सरला तर हनफी काझी त्याच्याविरुद्ध फैसला देई.

पुरावा म्हणजे मुख्यतः साक्षीदार. हनफी मजहबात दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया. कागद होता, पण एकटा कागद पुरेसा नव्हता. फुकहांचे म्हणणे असे की अक्षरासारखे अक्षर काढता येते; कागदामागे माणूस उभा हवा. म्हणून काझीच्या मोहरेखाली साक्षीदारांची नावे येत.

पण निकाहाला वीस-तीस वर्षे झाली असतील आणि गवाह मरून गेले असतील, तर? बाराव्या शतकात फरगाना भागातल्या बुऱ्हानुद्दीन मर्गीनानी यांनी लिहिलेल्या ‘हिदाया’ या ग्रंथात याचे उत्तर आहे. साक्ष एरवी डोळ्यांनी पाहिल्याचीच द्यावी लागते. मात्र वंश, मृत्यू, निकाह, सहवास आणि काझीची नेमणूक या बाबतींत विश्वासू लोकांकडून ऐकलेल्या, सर्वत्र माहीत असलेल्या गोष्टीचीही साक्ष चालते. कारण असे दिले आहे की या घटनांच्या वेळी मोजकीच माणसे हजर असतात, पण त्यांतून निघणारे हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालतात. फक्त डोळ्यांची साक्ष मागितली तर हे हक्क बुडतील. एक पुरुष आणि एक स्त्री एका घरात नवराबायकोसारखे राहताना ज्याने पाहिले आहे, तोही ती त्याची पत्नी असल्याची साक्ष देऊ शकतो.

निकाह जाहीर करावा, वलीमा द्यावा, यामागचे एक कारण इथे ध्यानात येते. वलीम्याचे जेवण हाही एका अर्थाने पुरावाच आहे. जेवून गेलेला प्रत्येक जण उद्याचा साक्षीदार असतो. आपण मात्र वलीमा बडेजावासाठी ठेवला आणि साक्ष विसरलो.

निकाह अडला, महर सुटला

याहून अवघड प्रसंग पाहू. बाई म्हणते, हा माझा नवरा. तो म्हणतो, नाही. साक्षीदार नाहीत. मग त्याला शपथ घालायची का? इथे हनफी इमामांत मतभेद झाला. इमाम अबू हनीफा यांच्या मते निकाहाच्या दाव्यात शपथ घालता येत नाही. त्यांचे तर्कशास्त्र असे की शपथेला नकार देणे म्हणजे वाद मिटवण्यासाठी ती वस्तू सोडून देणे. पैसा असा सोडून देता येतो, निकाह देता येत नाही. नुसत्या गप्प बसण्याने कुणी कुणाची पत्नी होत नाही. त्यांचे दोन शिष्य, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांना हे पटले नाही. शपथेला नकार म्हणजे एक प्रकारची कबुलीच, म्हणून निकाहातही शपथ घालावी, असे ते म्हणत. पुढच्या काळातल्या मुफ्तींनी शिष्यांच्या मतावर फतवा दिला.

पण खरी गंमत पुढे आहे. खुद्द अबू हनीफांच्या मताप्रमाणेसुद्धा, तीच बाई निकाहाबरोबर महर मागत असेल, तर नवऱ्याला शपथ घालावी लागते. कारण आता दावा मालाचा झाला. त्याने शपथेला नकार दिला तर महर त्याच्यावर बसतो, मग निकाह शाबीत न का होईना.

आपल्या कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. त्यांच्या मजहबातही हेच दिसते. शाफई फिकहमध्ये निकाह शाबीत करायला दोन पुरुष साक्षीदारच लागतात, स्त्रियांची साक्ष तिथे चालत नाही. पण पैशाच्या दाव्यात एक पुरुष आणि दोन स्त्रिया चालतात, किंवा एक साक्षीदार आणि दावेदाराची स्वतःची शपथ एवढेही पुरते. म्हणून शाफई पंडितांनी म्हटले की बाई महरासाठी किंवा वारशासाठी निकाहाचा दावा करीत असेल, तर एवढ्या पुराव्यावर तिला तिचा माल मिळावा.

दोन मजहब, दोन वेगळ्या वाटा, आणि पोहोचतात एकाच ठिकाणी. नात्याचा दरवाजा बंद झाला तरी महराची खिडकी उघडी राहते. महर हे कर्ज असल्यामुळे, जिचे पत्नीपण सिद्ध होत नव्हते तिलाही काझीसमोर उभे राहता येत होते. ज्या रकान्याकडे आपण अर्धा मिनिट बघत नाही, त्या रकान्याची ही ताकद आहे.

भाजलेले मांस आणि पागोटे

महर किती ठरला होता, या वादातही फुकहांनी माणसाचा स्वभाव ओळखला होता. नवरा म्हणतो एक हजार, बायको म्हणते दोन हजार. पुरावा कुणाकडेच नाही. अबू हनीफा आणि मुहम्मद यांच्या मते इथे महर-ए-मिस्ल पंच ठरतो. तिच्या घराण्याचा महर ज्याच्या आकड्याला दुजोरा देतो, त्याचे म्हणणे शपथेवर मान्य करायचे. अबू यूसुफ यांच्या मते नवऱ्याचे शपथेवरचे म्हणणे मानायचे. पण त्याने अगदी न पटणारा क्षुल्लक आकडा सांगितला तर मानायचे नाही. शाफई मजहबात दोघांनाही शपथ घालतात, ठरलेला आकडा बाजूला पडतो आणि महर-ए-मिस्ल लागू होतो.

मग नवऱ्याचा नेहमीचा बचाव येतो, ‘दिला की मी! एवढं सगळं पाठवलं ते काय होतं?’ बायको म्हणते, ती भेट होती. हिदायात म्हटले आहे की देणाऱ्याला आपला हेतू ठाऊक असतो, म्हणून नवऱ्याचे म्हणणे मानावे. गहू किंवा जव पाठवला असेल तर तो महराचा भाग असू शकतो. पण भाजलेले मांस, शिजवलेले अन्न पाठवले असेल तर बायकोचे म्हणणे खरे धरावे. कारण असे तयार जेवण कुणी कर्ज फेडायला पाठवत नाही, ते प्रेमाने पाठवतात. तसेच ओढणी आणि अंगरखा यांसारखी जी वस्त्रे पुरवणे नवऱ्याचे कर्तव्यच आहे, ती महरात धरता येत नाहीत, असेही एक मत तिथे नोंदले आहे. ईदला घेतलेल्या कपड्यांचा हिशेब महरात घालणाऱ्या भाऊबंदांनी हे वाचण्यासारखे आहे.

घरातल्या सामानाचा तंटाही जुनाच. पागोट्यासारखी पुरुषाची वस्तू पुरुषाची, ओढणीसारखी स्त्रीची वस्तू स्त्रीची. आणि भांड्यांसारखी जी दोघांना चालते ती नवऱ्याची, असा एक नियम होता. अबू यूसुफ यांनी इथेही वेगळे मत दिले. तिच्यासारख्या मुली जेवढा जहेज घेऊन येतात, तेवढे सामान तिला द्यावे आणि उरलेले नवऱ्याला. एकाच मजहबात, गुरुशिष्यांत, एवढा मोकळा वाद होत होता. शरियत म्हणजे दगडावरची एकच रेघ, असे समजणाऱ्या आपल्यातल्या आणि बाहेरच्या लोकांनी हे लक्षात घ्यावे.

विधवेने महराचा दावा केला तर काझी आणखी एक काळजी घेई. मेलेला माणूस बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने काझी विधवेला शपथ घाली की हा महर तिने आधी घेतलेला नाही आणि माफही केलेला नाही. वारसांनी मागितली नाही तरी ही शपथ होई. अदालत कुणाच्याच बाजूची नव्हती, असा याचा अर्थ.

सुरतेचे निकाहनामे

हे सगळे ग्रंथांतच राहिले का? नाही. आपल्या शेजारच्या सुरत बंदरातली सतराव्या शतकातली फारसी कागदपत्रे आज पॅरिसच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. त्यांत निकाहनामेही आहेत. त्यांतल्या अनेकांत महराबरोबर चार अटी पुन्हा पुन्हा दिसतात. नवरा दुसरा निकाह करणार नाही. पत्नीला मारहाण करणार नाही. खर्चाची सोय न करता ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ परागंदा राहणार नाही. आणि दासी ठेवणार नाही. अट मोडली तर पत्नीला निकाहातून मोकळे होण्याची वाट होती.

काही शतकांपूर्वी एका बंदरातल्या घरांनी मुलींच्या निकाहनाम्यात हे लिहून घेतले. आज आपण असे काही सुचवले तर ‘हे नवीन खूळ कुठून आणलं?’ असे विचारले जाते. खूळ नवीन नाही, विसर नवा आहे.

त्याच शतकात औरंगजेबाच्या हुकमाने ‘फतावा-ए-आलमगिरी’ तयार झाला. ते काम करणाऱ्या उलेमांचे प्रमुख होते शेख निजाम बुऱ्हानपुरी, म्हणजे आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हानपूरचे. काझीसमोरच्या महराच्या तंट्यांचे नियम पुढे हिंदुस्थानभर या ग्रंथावरून आणि हिदायावरून सांगितले जाऊ लागले.

मराठी भाषेनेही या अदालतीच्या खुणा जपल्या आहेत. दावा, फिर्याद, तक्रार, कबुली, वकील, जामीन, दस्तऐवज, करार, हक्क हे शब्द काढून टाकले तर मराठी माणसाला कोर्टाची पायरी चढणे मुश्कील होईल. मराठ्यांच्या इतिहासात ज्याला ‘महजर’ म्हणतात, तो भर सभेत हजर असलेल्यांच्या साक्षीने केलेला निवाड्याचा कागदही याच परंपरेतून आला, आणि जुन्या महजरांवर काझीचा शिक्का दिसतो. ही अदालत आपल्या मुलखाला परकी नव्हती.

इंग्रजी कोर्टात

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये ठरवले की विवाह आणि वारशाच्या बाबतीत मुसलमानांना त्यांचाच कायदा लावावा. इंग्रज न्यायाधीशाला तो सांगण्यासाठी कोर्टात मौलवी नेमले गेले. १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने हिदायाचे इंग्रजी भाषांतर केले. जिवंत मतभेदांचा ग्रंथ हळूहळू कलमांच्या पुस्तकासारखा वाचला जाऊ लागला. १८६४ मध्ये कोर्टातले मौलवी आणि काझी हे पद रद्द झाले. १८८० च्या काझी कायद्याने सरकारला पुन्हा काझी नेमता आले, पण त्याच कायद्यात लिहून ठेवले की या नेमणुकीमुळे काझीला न्यायदानाचा अधिकार मिळत नाही. काझी निकाह पढवणारा राहिला, फैसला देणारा राहिला नाही.

१८७२ च्या साक्षी पुराव्याच्या कायद्याने साक्षीदारांची ठरावीक संख्याही गेली. एका साक्षीदारावरही कोर्ट विश्वास ठेवू शकते. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. हे तत्त्व मात्र कायम आहे.

तरी जुने विचार नव्या कोर्टात तग धरून राहिले. १८४४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हिदायतुल्ला विरुद्ध राय जान खानम या खटल्यात मान्य केले की बराच काळ नवराबायको म्हणून एकत्र राहणे आणि तशी ओळख देणे यावरून निकाह झाल्याचे गृहीत धरता येते. घरात एकत्र राहणाऱ्यांबद्दल हिदायाने साक्षीला दिलेली मुभा आठवा. १८८६ मध्ये अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी अलाहाबादला सविस्तर निकाल लिहिला. नवऱ्याने पत्नीला नांदायला पाठवण्याचा दावा केला होता. तत्काळ द्यायचा महर बाकी असेल तर ‘आधी महर दे’ अशी अट घालून हुकूमनामा देता येतो, असे तत्त्व त्यातून पक्के झाले. १९१६ मध्ये हमीरा बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मानले की महराच्या वसुलीसाठी नवऱ्याची मिळकत ताब्यात असलेल्या विधवेला, महर फिटेपर्यंत तो ताबा ठेवता येतो.

आणखी एक निकाल आपल्या सगळ्यांच्या घरापर्यंत पोहोचणारा आहे. नवऱ्याचा जनाजा दारात असताना बायका विधवेला कानात सांगतात, ‘महर माफ कर, म्हणजे त्याची सुटका होईल.’ ती रडत मान हलवते. १९२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटले की पतीच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेल्या स्त्रीने दिलेली अशी माफी खुशीची नसते आणि ती तिच्यावर बंधनकारक नाही. कुरआनने महराच्या माफीला स्त्रीच्या खुशीची अट घातली आहे. ती अट त्या न्यायाधीशांना दिसली. जनाजाभोवती उभ्या असलेल्या आपल्याला दिसली नाही.

कागदाची सक्ती

विसाव्या शतकात मुस्लिम देशही साक्षीकडून कागदाकडे वळले. इजिप्तने १९३१ च्या कायद्याने ठरवले की प्रतिपक्ष निकाह नाकारत असेल, तर सरकारी दस्तऐवजाशिवाय निकाहाचा दावा ऐकलाच जाणार नाही. खोटे दावे थांबले, पण नोंद न केलेल्या निकाहातल्या स्त्रियांची कोंडी झाली. नवरा नांदवत नाही आणि कोर्ट सोडवत नाही. शेवटी २००० सालच्या कायद्याने, कोणत्याही लेखी पुराव्यावर अशा स्त्रीला निदान निकाहातून मोकळे होण्याचा दावा करू दिला. कागद नसला की काय होते आणि नुसत्या कागदावरच भिस्त ठेवली की काय होते, दोन्हींचा धडा इथे मिळतो.

आपल्याकडे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा होताच. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यानुसार तलाकनंतर ठरलेल्या महराची रक्कम मॅजिस्ट्रेटकडे मागता येते. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात सांगितले की ‘मी तलाक दिला होता’ एवढे कोर्टात लिहून देणे पुरेसे नाही. तलाक झाल्याचे नवऱ्याने पुराव्याने शाबीत केले पाहिजे. दावा ज्याचा, पुरावा त्याचा. जुन्या काझीचा पहिला नियम औरंगाबादच्या कोर्टात पुन्हा ऐकू आला.

आपल्या हातातले

एवढा इतिहास सांगून झाल्यावर आपण पुन्हा त्या रजिस्टरपाशी येऊ. काही गोष्टींसाठी कुठल्या सरकारची, कुठल्या बोर्डाची वाट बघावी लागत नाही.

पहिली गोष्ट, महराचा आकडा लिहावा. हनफी मजहबात किमान महर दहा दिरहम, म्हणजे साधारण तीस ग्रॅम चांदी. शाफई मजहबात किमान मर्यादा नाही. पण ‘शरई महर’ हा आकडा नव्हे. ‘महर-ए-फातिमी’ लिहायचे असेल तर तो किती चांदीचा धरला हे शेजारी लिहावे. शक्य असेल तर महर सोन्यात किंवा चांदीत ठरवावा. रुपयाची किंमत तीस वर्षांत काय होते हे आपण पाहतोच.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. अरबीत तत्काळ द्यायच्या महराला आणि मुदतीने द्यायच्या महराला दोन वेगळे शब्द आहेत. एकात ऐन आहे, दुसऱ्यात हमजा. देवनागरीत मात्र दोन्ही ‘मुअज्जल’ असेच लिहिले जातात, आणि बोलतानाही फरक कळत नाही. एका अक्षरावर एखाद्या बाईचा हक्क लटकतो. म्हणून सरळ मराठीत लिहावे, ‘रोख दिला’, ‘मागताच देय’, ‘तलाक किंवा मृत्यूनंतर देय’. महराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती कधी सुरू होते हे याच शब्दावर ठरते.

तिसरी गोष्ट, निकाहनाम्याची एक प्रत नवरीच्या हातात द्यावी. बापाच्या नाही, भावाच्या नाही, तिच्या. आणि सरकारी नोंदणीही करावी. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, हा सूरह बकरामधला (२:२८२) हुकूम आपण दुकानाच्या वहीत पाळतो. मुलीच्या कर्जाच्या वेळी मात्र तो विसरतो.

चौथी गोष्ट गवाहांची. निकाहाला गवाह म्हणून नाव देणे हा मान आहे, पण ती जबाबदारीही आहे. साक्षीला बोलावले तर नाही म्हणू नका, असे त्याच आयतीत सांगितले आहे. निकाहाच्या फोटोत पुढे उभा राहणारा गवाह वेळ आली की गावाला जातो, हे चित्र बदलले पाहिजे.

पुढच्या वेळी काझीसाहेब विचारतील, ‘महर किती लिहू?’ तेव्हा आपण पंगतीकडे बघू नये. अर्ध्या मिनिटाऐवजी पाच मिनिटे द्यावीत, पडद्याआड बसलेल्या मुलीला विचारावे, आणि ती सांगेल तो आकडा अक्षरी आणि अंकी, दोन्ही प्रकारे लिहून घ्यावा.